18,235 डॉलरचा हिशेब: उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची उमेदवारी कशी वाचली

पार्श्वभूमी

1952 च्या अमेरिकी निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांना आणि उपाध्यक्षपदासाठी कॅलिफोर्नियाचे सिनेटर रिचर्ड निक्सन यांना उभं केलं. निक्सन तेव्हा 39 वर्षांचे होते. सिनेटवर निवडून येऊन त्यांना दोन वर्षंही झालेली नव्हती.

आपल्याकडे उपराष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे खासदार करतात, त्यामुळे त्या पदासाठी गावोगाव प्रचार होत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही जोडी असते आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. जोडीतल्या धाकट्यावर चिखल उडाला की थोरल्याचे कपडेही खराब होतात. म्हणून उपाध्यक्षपदाच्या उमेदवारावरचा हल्ला बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावरून थेट मुख्य उमेदवाराकडे रोखलेला असतो. हे प्रकरण समजून घेताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सलग वीस वर्षं राष्ट्राध्यक्षपदावर होता. रिपब्लिकनांच्या प्रचाराचे तीन मुद्दे होते: कोरियाचं युद्ध, कम्युनिझम आणि भ्रष्टाचार. ट्रुमन सरकारच्या काळात अधिकाऱ्यांना भेटी मिळाल्याची प्रकरणं गाजली होती. त्यांतला महागडा मिंक कोट (मिंक या प्राण्याच्या फरचा) तर भ्रष्टाचाराची खूणच बनला होता. आयझेनहॉवर सभांमधून वॉशिंग्टनची साफसफाई करण्याचं वचन देत फिरत होते.

निधी नेमका काय होता

निक्सन 1950 मध्ये सिनेटवर निवडून आल्यावर त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या समर्थकांनी एक निधी उभा केला. तो पॅसाडेनाचे वकील डेना स्मिथ सांभाळत. एका माणसाकडून वर्षाला 500 डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा दंडक होता. साधारण दोन वर्षांत 76 देणगीदारांकडून 18,235 डॉलर जमले. हा पैसा प्रवास, टपाल, भाषणांची छपाई, रेडिओ-टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण अशा राजकीय कामांवर खर्च होत असे.

असा निधी लागण्याचं कारण साधं होतं. निक्सन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं त्याप्रमाणे सिनेटरला वर्षाला 15,000 डॉलर मिळत, घर ते वॉशिंग्टन असा कुटुंबासह वर्षातून एकदा जाण्यायेण्याचा खर्च मिळे आणि कॅलिफोर्नियासाठी 13 माणसांचं कार्यालय चालवता येईल इतका भत्ता मिळे. पक्षाच्या प्रचाराचं भाषण छापून वाटायचं असेल, पक्षाच्या सभेसाठी देशभर फिरायचं असेल, तर तो पैसा सरकारी तिजोरीतून घेता येत नसे. ज्याच्या घरी पिढीजात पैसा होता त्याला अडचण नव्हती. निक्सन यांच्याकडे तो नव्हता.

निधीत बेकायदा काही नव्हतं. पण मतदारांना त्याची माहिती नव्हती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयझेनहॉवर यांच्या माणसांनाही नव्हती. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून झाला.

आरोप

14 सप्टेंबरला एका दूरचित्रवाणी मुलाखतीनंतर स्तंभलेखक पीटर एडसन यांनी निक्सन यांना या निधीबद्दल विचारलं. निक्सन यांनी आढेवेढे न घेता डेना स्मिथ यांचा फोन नंबर दिला. स्मिथ यांनीही एडसन आणि इतर बातमीदारांना मोकळेपणाने माहिती दिली. लपवण्यासारखं काही नाही अशी दोघांची खात्री होती.

18 सप्टेंबरला दोन प्रकारच्या बातम्या आल्या. एडसन यांचा मजकूर माहितीपर होता. न्यूयॉर्क पोस्टने मात्र असा मथळा दिला की श्रीमंतांच्या गुप्त निधीवर निक्सन आपल्या पगाराच्या कितीतरी पलीकडच्या थाटात राहतात. लोकांच्या लक्षात राहिला तो हा मथळा.

त्या मथळ्यात तीन वेगवेगळे आरोप एकात एक गुंफलेले होते. निधी गुप्त होता, तो श्रीमंतांचा होता आणि त्यावर निक्सन यांचा घरखर्च चालत होता. पहिला अर्धवट खरा होता, दुसरा बऱ्यापैकी खरा होता आणि तिसरा खोटा होता. बचावाची आखणी करताना हे असं सुटं करून पाहणं हे पहिलं काम असतं, कारण तिन्हींना उत्तर वेगळं लागतं. गुप्ततेला उत्तर म्हणजे कागद उघडे करणं. श्रीमंतांच्या पैशाला उत्तर म्हणजे मर्यादा सांगणं आणि देणगीदारांना बदल्यात काही मिळालं नाही हे दाखवणं. घरखर्चाच्या आरोपाला उत्तर म्हणजे घरचा जमाखर्च. निक्सन यांच्या गोटाने पहिले दोन दिवस तिन्हींना मिळून एकच उत्तर दिलं, आणि ते उत्तर चुकीचं होतं.

पहिले अठ्ठेचाळीस तास

आरोप झाला तेव्हा निक्सन आपल्या प्रचाराच्या खास रेल्वेगाडीतून कॅलिफोर्नियात फिरत होते. आदल्याच दिवशी पोमोनाहून गाडी निघाली होती. प्रचारप्रमुख मरी चोटिनर यांचं पहिलं मत होतं की या बातमीला उत्तर देऊन तिचा मान वाढवू नये. गाडीवरून एक छोटं निवेदन निघालं, त्यापलीकडे काही नाही.

19 तारखेला मेरिसव्हिल स्टेशनवरून गाडी सुटता सुटता गर्दीतून कुणीतरी निधीबद्दल ओरडलं. निक्सन यांनी गाडी थांबवायला लावली आणि डब्याच्या मागच्या सज्जातून उत्तर दिलं: आपण कम्युनिस्टांच्या मागे लागलो म्हणून आपल्यावर चिखलफेक होते आहे, आणि या निधीमुळे करदात्यांचा पैसा वाचला आहे. समोरच्या गर्दीला हे आवडलं. पण बातमीदारांना हवे असलेले आकडे, नावं, तारखा यांतलं त्यात काही नव्हतं. आरोप करणाऱ्याच्या हेतूवर बोलून टाळ्या मिळतात, आरोप मात्र जागच्या जागी राहतो.

20 तारखेला खरा दणका बसला. वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून या दोघांनी निक्सन यांनी बाजूला व्हावं असा सूर लावला. हेरल्ड ट्रिब्यून तर आयझेनहॉवर यांच्या उमेदवारीचा पाठीराखा पेपर होता. विरोधकांचा पेपर बोलला तर ते राजकारण असतं, घरचा पेपर बोलला तर तो निरोप असतो. निक्सन यांच्या गोटाने तो अग्रलेख आयझेनहॉवर यांच्याच मनातला समजून वाचला.

आयझेनहॉवर तेव्हा मध्य-पश्चिमेत वेगळ्या गाडीने फिरत होते. त्या गाडीवरच्या बातमीदारांनी आपसात मतं घेतली तेव्हा 40 जणांनी निक्सन यांना काढावं असं म्हटलं आणि दोघांनी ठेवावं असं. आयझेनहॉवर त्यांच्याशी बोलताना म्हणाले की आपणच शिकारी कुत्र्याच्या दातासारखे स्वच्छ नसलो तर भ्रष्टाचाराविरुद्धच्या या मोहिमेला अर्थ काय. हे वाक्य छापून आलं. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार त्या वाक्याने पूर्णपणे निक्सन यांच्यावर टाकला. आणि तीन दिवस उलटले तरी दोघांचं फोनवरसुद्धा बोलणं झालेलं नव्हतं.

त्याच शनिवारी ओरेगनमधल्या युजीन गावी निदर्शकांच्या हातात फलक होता: निक्सनना मिंक कोट नकोत, रोख रक्कम पुरते. निक्सन यांनी त्यावर तिथल्या तिथे उत्तर दिलं की आमच्या घरात मिंक कोट नाहीतच, माझी बायको पॅट साधा कापडी कोट वापरते आणि मला त्याचा अभिमान आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी देशभर गाजलेलं वाक्य इथे, रेल्वेच्या सज्जात, गर्दीवर पारखून घेतलेलं होतं. प्रचारातली चांगली वाक्यं बहुतेक अशीच सापडतात. पोर्टलंडमध्ये मात्र जमावाने त्यांच्या गाडीवर पेनी, म्हणजे एका सेंटची नाणी, फेकल्या.

कोणते पर्याय समोर होते

रविवारी, 21 तारखेला, पोर्टलंडच्या हॉटेलात पर्याय तपासले गेले.

गप्प राहून प्रचार चालू ठेवणं हा पर्याय शनिवारच्या अग्रलेखांनंतर मेला होता. स्वतःहून राजीनामा देणं हा सभ्य दिसणारा पर्याय होता. पण त्याचा अर्थ कबुली असाच लागला असता. शिवाय भ्रष्टाचाराविरुद्ध प्रचार करणाऱ्या पक्षाला मतदानाच्या सहा आठवडे आधी आपलाच उमेदवार बदलावा लागला असता. त्यातून आयझेनहॉवर स्वच्छ ठरतील की माणूस निवडण्यात चुकले असं ठरेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आयझेनहॉवर यांच्या गोटाने कॅलिफोर्नियाचे दुसरे सिनेटर विल्यम नोलंड यांना हवाईहून बोलावून जवळ ठेवलं होतं. म्हणजे पर्यायी माणूस तयार होता.

तिसरा मार्ग म्हणजे निर्णय आयझेनहॉवर यांच्यावर सोडणं. वरवर पाहता हाच रास्त वाटतो. पण आयझेनहॉवर यांना निर्णय घ्यायचाच नव्हता. निक्सन यांना ठेवलं तर भ्रष्टाचाराला पाठीशी घातल्याचा ठपका, काढलं तर सहकाऱ्याला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका. असा माणूस वाट पाहत राहतो, आणि त्या वाट पाहण्याच्या प्रत्येक दिवशी उमेदवार थोडा थोडा संपत जातो.

चौथा मार्ग न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई यांनी सुचवला. टीव्हीवरून थेट लोकांसमोर जा, कौल मागा. त्यांनी मापही सांगितलं: प्रतिसाद 60 विरुद्ध 40 आला तर बाजूला व्हा, 90 विरुद्ध 10 आला तर राहा. हा सल्ला नीट पाहिला तर त्यात एक फट दिसते. तारा आणि पत्रं पाठवणारा माणूस हा सरासरी मतदार नसतो. भाषण ऐकून ज्याचं मन हललं तोच उठून तारघरात जातो. कौल मागणारा माणूस भाषण करणाराच असेल तर 90 टक्के गाठणं दिसतं तितकं अवघड नसतं.

त्या रात्री शेवटी आयझेनहॉवर यांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर सगळं सांगण्याला पाठिंबा दिला, पण निकालाबद्दल शब्द दिला नाही. भाषणानंतर निर्णय होईल का, असं निक्सन यांनी विचारलं आणि गोलमोल उत्तर आल्यावर अस्सल शिवराळ भाषेत सांगितलं की अशा गोष्टीत एक वेळ येते तेव्हा बसलेल्या जागी काम उरकावं नाहीतर जागा सोडावी. जनरलशी तसं बोलायची सवय कुणाला नव्हती. फोन संपला तेव्हा निक्सन यांच्या हाती एकच गोष्ट होती: अर्ध्या तासाचं भाषण.

काय केलं: भाषणाआधीची तयारी

रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकांसाठी असलेल्या पक्षाच्याच समित्यांच्या मदतीने 75,000 डॉलर उभे करून अर्धा तास विकत घेतला. वेळ निवडताना आधी सोमवारचा विचार झाला, लोकप्रिय विनोदी मालिकेनंतरचा. पण तेवढ्यात तयारी होणार नव्हती. मंगळवार 23 सप्टेंबर, मिल्टन बर्ल यांच्या कार्यक्रमानंतर, पूर्वेकडे रात्री साडेनऊ, अशी वेळ ठरली. एनबीसीची 64 टीव्ही केंद्रं, सीबीएसची 194 रेडिओ केंद्रं आणि म्युच्युअलचं जवळपास पूर्ण 560 केंद्रांचं जाळं. तेव्हा अमेरिकेत साधारण तीन घरांमागे एका घरात टीव्ही होता, त्यामुळे रेडिओचं जाळं लावणं गरजेचं होतं.

वेळ विकत घेण्याचा खरा फायदा पैशांत मोजता येत नाही. पत्रकार परिषदेत प्रश्न बातमीदार ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी कोणतं वाक्य छापायचं हेही तेच ठरवतात. विकत घेतलेल्या अर्ध्या तासात मध्ये कुणी नसतं. निक्सन यांनी भाषणाचा मजकूरही आधी कुणाला दिला नाही. हॉलिवूडच्या एल कॅपिटन थिएटरमध्ये प्रेक्षागृह रिकामं ठेवलं होतं. बातमीदारांना वेगळ्या खोलीत पडद्यावर पाहायला बसवलं होतं. तीन दिवस कुतूहल वाढत राहिलं: राजीनामा देणार की नाही? हे कुतूहलच प्रेक्षक गोळा करत होतं.

पोर्टलंडहून लॉस एंजेलिसला येताना विमानात मिळालेल्या पोस्टकार्डांवर निक्सन यांनी मुद्दे टिपले. दुसरीकडे प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनिसांनी निधीचे हिशेब तपासले आणि लॉस एंजेलिसच्या गिब्सन, डन अँड क्रचर या वकिलांच्या पेढीने कायदेशीर मत दिलं. निष्कर्ष असा: निक्सन यांना निधीतून वैयक्तिक आर्थिक लाभ झाला नाही, कुठला कायदा मोडला गेला नाही आणि ही रक्कम त्यांचं करपात्र उत्पन्न ठरत नाही.

या कागदाचं वजन योग्य जागी वापरलं गेलं. तपासनीस आणि वकील दोघेही बाहेरचे, नाव असलेले. पक्षाच्या खजिनदाराने हेच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

प्रक्षेपणाला तासाभराचाही अवधी नसताना ड्यूई यांचा फोन आला. आयझेनहॉवर यांच्या वरिष्ठ सल्लागारांचं मत आहे की भाषणाच्या शेवटी राजीनामा जाहीर करावा. ज्या माणसाने टीव्हीचा सल्ला दिला त्याच्याच तोंडून हे आलं. निक्सन यांनी सांगितलं की मी काय करणार ते त्यांनी टीव्हीवर पाहावं, मलाही राजकारणातलं थोडंफार कळतं.

काय केलं: भाषण

भाषणाची बांधणी काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला आरोप आडपडदा न ठेवता सांगितला: 18,000 डॉलर घेतल्याचा. मग कसोटी स्वतःच मांडली. प्रश्न फक्त कायद्याचा नाही, नैतिकतेचा आहे. पैसा स्वतःवर खर्च झाला असेल, गुपचूप दिला घेतला गेला असेल किंवा देणगीदाराला बदल्यात काही मिळालं असेल तर ते चूक. कसोटी आपण मांडली की उत्तरही तिच्याच चौकटीत देता येतं. त्यानंतर तपासनिसांचा निष्कर्ष वाचून दाखवला.

इथे थांबले असते तर भाषण वकिली ठरलं असतं. पण थाटाचा आरोप अजून बाकी होता, आणि तो हिशेबतपासणीने पुसला जाण्यासारखा नव्हता. म्हणून पुढे आला घरचा जमाखर्च. लग्नानंतर साठवलेले आणि युद्धकाळात शिल्लक पडलेले मिळून दहा हजारांच्या थोडे वर. चार वर्षं महिना 80 डॉलर भाड्याचा फ्लॅट. 1950 मॉडेलची ओल्डस्मोबिल. वॉशिंग्टनचं घर 41,000 चं, त्यावर 20,000 देणं. व्हिटियरचं घर 13,000 चं, तिथे आईवडील राहतात. विमा 4,000 डॉलरचा, बायकोवर आणि मुलींवर काहीच नाही. रिग्ज बँकेचे 4,500 साडेचार टक्क्यांनी, आईवडिलांचे 3,500 चार टक्क्यांनी, विम्यावरचं कर्ज 500. शेअर, रोखे काही नाही.

आईवडिलांनाही चार टक्के व्याज नियमित देतो, हा तपशील आम्हाला सगळ्यांत बोलका वाटतो. आकडे कुणीही वाचून दाखवेल, पण त्या एका ओळीत अख्खं घर दिसतं. भारतात 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर द्यावंच लागतं. आज त्यात कुणाला नवल वाटत नाही. 1952 मध्ये एका उमेदवाराने बायको बाजूला बसलेली असताना कोट्यवधी लोकांसमोर आपलं कर्ज व्याजासकट मोजून दाखवणं हे धक्कादायक होतं.

मग कापडी कोट आला. आणि त्यानंतर कुत्रा. टेक्सासमधल्या एका माणसाने मुलींसाठी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं कॉकर स्पॅनियलचं पिल्लू पाठवलं होतं, सहा वर्षांच्या ट्रिशाने त्याचं नाव चेकर्स ठेवलं होतं, आणि कुणी काही म्हटलं तरी ते आम्ही ठेवणार. भाषण पुढे याच कुत्र्याच्या नावाने ओळखलं गेलं. त्या जागेची कामगिरी अशी: मी एक भेट घेतली आहे हे कबूल करायचं, आणि ती परत मागणारा माणूस लोकांच्या नजरेत निर्दय ठरेल अशी भेट निवडायची. बरोबर आठ वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 1944 ला, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या फाला नावाच्या कुत्र्यावरून विरोधकांची खिल्ली उडवली होती. निक्सन यांना ते चांगलं आठवत होतं.

त्यानंतर उलटा वार. डेमोक्रॅटिक उमेदवार ॲडलाय स्टीव्हनसन यांच्याही राज्यात अधिकाऱ्यांसाठी देणग्यांचा निधी होता, हे नुकतंच बाहेर आलं होतं. त्यांचे जोडीदार जॉन स्पार्कमन यांची पत्नी त्यांच्याच कार्यालयात पगारावर होती. निक्सन यांनी दोघांनाही असाच हिशेब द्यायचं आव्हान दिलं.

निर्णायक पाऊल शेवटी होतं. मी राहायचं की जायचं हे मी ठरवत नाही, आयझेनहॉवरही नाहीत, हा निर्णय रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचा आहे. तुम्ही समितीला तारा करा, पत्रं लिहा, तिचा निर्णय मी मानेन. समितीचे अध्यक्ष आर्थर समरफील्ड निक्सन यांच्या बाजूचे होते. बातमीदार आणि आयझेनहॉवर यांचे सल्लागार ज्या खुर्चीत बसून निकाल देणार होते, ती खुर्चीच इथे त्यांच्याखालून काढून घेतली गेली. आमच्या मते बचाव जिंकला तो इथे. कुत्र्याने आणि कोटाने माणसं पडद्यासमोर धरून ठेवली. पण न्याय करणारा बदलला नसता तर दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांच्या गाडीत तीच चर्चा पुन्हा सुरू झाली असती.

काय बिघडलं

बोलता बोलता वेळ संपली. समितीचा पत्ता सांगायचा राहून गेला. प्रक्षेपण तुटलं तेव्हा निक्सन बोलतच होते. बाहेर आल्यावर सगळं फसलं अशी त्यांची भावना झाली.

पत्ता नसल्यामुळे लोकांनी सुचेल तिथे तारा पाठवल्या: समितीला, आयझेनहॉवर यांना, रेडिओ केंद्रांना, गावातल्या पक्ष कार्यालयाला. एकूण प्रतिसाद प्रचंड होता, पण तो एका जागी मोजणं अशक्य झालं. त्याच ढिगात आयझेनहॉवर यांची अभिनंदनाची तारही अडकली. निक्सन यांच्यापर्यंत पोचली ती फक्त बातमी: आयझेनहॉवर यांनी अजून निर्णय घेतलेला नाही, प्रत्यक्ष भेटायला बोलावलं आहे. वैतागून निक्सन यांनी सचिव रोझ मेरी वुड्स यांना राजीनाम्याची तार सांगितली. चोटिनर यांनी तो कागद फाडून टाकला. इतकी मोठी मोहीम जिंकल्यावर उमेदवार स्वतःच हातातलं टाकून देण्याच्या बेतात होता, केवळ एक तार वेळेवर न मिळाल्यामुळे.

निकाल

सुमारे 6 कोटी लोकांनी भाषण पाहिलं किंवा ऐकलं. तोवरचा तो टीव्हीचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग होता. छोट्या देणग्यांतून सुमारे 60,000 डॉलर आले, म्हणजे वेळेच्या खर्चाचा बराचसा भाग. समितीच्या 138 सदस्यांपैकी 107 जणांशी संपर्क झाला आणि सगळ्यांनी निक्सन यांना ठेवावं असं सांगितलं. 24 तारखेला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या विमानतळावर आयझेनहॉवर स्वतः विमानात चढून भेटायला आले आणि म्हणाले, तू माझा माणूस आहेस. त्या रात्री निक्सन ज्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले ते विल्यम नोलंड होते, त्यांच्या जागी येऊ शकणारे. 4 नोव्हेंबरला ही जोडी 442 विरुद्ध 89 अशा निर्वाचक मतांनी (राज्यनिहाय निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी) निवडून आली.

वेगळं काय करता आलं असतं

उमेदवारी स्वीकारण्याच्या दिवशी निधीचं एक पानी टिपण आयझेनहॉवर यांच्या माणसांच्या हाती द्यायला हवं होतं: रक्कम, देणगीदारांची संख्या, मर्यादा, खर्चाचे प्रकार. जोडीदाराला पेपरातून कळलं की तो बचाव करत नाही, आधी स्वतःला वाचवतो. 1972 मध्ये उपाध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार थॉमस ईगलटन यांच्या बाबतीत हेच घडलं. ईगलटन यांच्या नैराश्यावरच्या जुन्या उपचारांची माहिती राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना निवडीनंतर मिळाली. आधी पूर्ण पाठिंब्याची ग्वाही देण्यात आली आणि मग निवडीनंतर 18 दिवसांत ईगलटन यांना बाजूला व्हावं लागलं.

दुसरं, 14 सप्टेंबरला एडसन यांनी प्रश्न विचारला आणि बातमी 18 ला आली. मधले चार दिवस हातात होते. त्या चार दिवसांत हिशेब तपासून पूर्ण यादी स्वतःहून जाहीर केली असती तर मथळ्यातला गुप्त हा शब्द उभाच राहिला नसता. तपासणी जी शेवटी घाईत करावी लागली, तीच आधी करता आली असती.

तिसरं, प्रश्न टाळण्याची किंमत. निक्सन यांनी त्या अर्ध्या तासात एकाही बातमीदाराच्या प्रश्नाला तोंड दिलं नाही. देणगीदारांना काही मिळालं का, या प्रश्नावर त्यांच्या शब्दापलीकडे फारसं काही पुढे आलं नाही. 1984 मध्ये उपाध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवार जेराल्डिन फेरारो यांनी उलट रस्ता धरला. पतीच्या व्यवसायावरून आणि करांवरून गदारोळ झाल्यावर त्यांनी आधी कागदपत्रं खुली केली आणि दुसऱ्या दिवशी, 21 ऑगस्टला, दीड तासाहून अधिक वेळ दोनशेवर बातमीदारांचे प्रश्न संपेपर्यंत घेतले. त्या मार्गाने टाळ्या कमी मिळतात, पण प्रश्न पुन्हा डोकं वर काढत नाहीत. निक्सन यांनी भाषणानंतर दोन दिवसांनी अशी एक परिषद घेतली असती तर बातमीदारांशी पडलेली दरी इतकी रुंद राहिली नसती.

चौथं, आव्हान देताना आपल्या बाजूला कोण उभं आहे हे पाहायचं राहिलं. सगळ्या उमेदवारांनी हिशेब द्यावा, असं म्हटलं की त्यात आयझेनहॉवरही आले. पुस्तकाच्या मानधनावर त्यांना करखात्याकडून खास सवलत मिळाली होती. क्लीव्हलंडच्या सभागृहात व्यवस्थापकाच्या खोलीत भाषण पाहताना त्या वाक्याला त्यांनी हातातली पेन्सिल वहीत खुपसली, असं तिथे असलेल्यांनी सांगितलं आहे. स्टीव्हनसन आणि स्पार्कमन यांनी आपली करविवरणपत्रं जाहीर केली, आणि मग आयझेनहॉवर यांनाही आपल्या उत्पन्नाचा तपशील द्यावा लागला. दोन शब्दांचा बदल, डेमोक्रॅटिक उमेदवार एवढाच उल्लेख, पुरला असता.

निर्णय समितीकडे नेण्याची चालही अशीच दुधारी होती. तिने उमेदवारी वाचवली, पण ज्याच्यासोबत पुढची आठ वर्षं काढायची त्याचा अधिकार सगळ्या देशासमोर काढून घेतला. आधी रविवारच्या फोनवरच समितीचा पर्याय त्यांच्यासमोर ठेवून होकार घेतला असता तर हा निर्णय त्यांचाच दिसला असता. 1956 मध्ये दुसऱ्या कार्यकाळाची तयारी सुरू झाली तेव्हा आयझेनहॉवर यांनी निक्सन यांना सुचवलं की उपाध्यक्षपद सोडून मंत्रिमंडळातलं एखादं खातं घ्यावं.